ओरगडमला जाताना एक वही घ्या

ओरगडममधल्या माझ्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळच्या पाळीचा सुपरवायझर जाताना पांढऱ्या फळ्यावर एवढंच लिहून गेला होता: ‘लाइन ३, एनसी’. दुपारच्या पाळीला आलेल्या आम्ही तिघांनी ते वाचलं आणि तिघंही लगबगीनं कामाला लागलो. इलेक्ट्रिशियन सेन्सरच्या वायरी तपासू लागला, कारण त्याच्या जगात एनसी म्हणजे नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट. मशीनवरच्या पोरानं प्रोग्रॅम उघडला. त्याच्या लेखी एनसी म्हणजे न्यूमेरिकल कंट्रोल. मी क्वालिटीचा. माझ्यासाठी एनसी म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणून मी लाल टॅग लावून अख्खी ट्रॉली बाजूला ओढली आणि लाइन थांबवली. पाऊण तासानं सुपरवायझर फोनवर सापडला. त्याला म्हणायचं होतं ‘नॉट क्लीअर्ड’. आधीच्या मॉडेलचे उरलेले पार्ट लाइनवरून उचलायचे राहिले होते, तेवढे उचलायचे. पाच मिनिटांचं काम.

आम्हा चौघांपैकी शब्दाचा अर्थ कुणीच चुकवला नव्हता. प्रत्येकाला आपल्या खात्यातला अर्थ अगदी बरोबर माहीत होता, आणि त्यापायीच पाऊण तास गेला.

पुणे-चाकण, नाशिक, कोल्हापूरहून डिप्लोमा किंवा आयटीआय करून दक्षिणेकडे निघालेली बरीच मुलंमुली मला विचारतात, ‘तिकडे भाषेचं कसं होतं?’ त्यांच्या मनात तमिळची धास्ती असते. तमिळ शिकता येते, ती मोठी अडचण नाही. खरी अडचण येते ती त्या भाषेची, जी आपल्याला येते असं आपण धरून चालतो: कामाची भाषा. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे. ओरगडमला न जाणाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा, कारण बँकेत, दवाखान्यात, साइटवर असे चार खात्यांचे चार एनसी भेटतातच.

आधी गावाबद्दल थोडं. ओरगडम हे चेन्नईच्या नैर्ऋत्येला, कांचीपुरम जिल्ह्यात आहे. वंडलूर-वालाजाबाद आणि सिंगपेरुमाळ कोइल-श्रीपेरुंबुदूर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या चौकाभोवती सिपकॉटची औद्योगिक वसाहत पसरली आहे. सिपकॉट म्हणजे आपल्या एमआयडीसीचा तिकडचा भाऊ. रेनो-निस्सानचा कारखाना इथे २०१० मध्ये सुरू झाला, डाइम्लरचे भारतबेंझ ट्रक बनवणारा २०१२ मध्ये, रॉयल एन्फिल्डचा २०१३ मध्ये. अपोलो टायर्स आहे, कोमात्सू आहे, गाड्यांच्या चाचण्या घेणारं सरकारी संशोधन केंद्र आहे आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांची रांग आहे. एकाच चौकातून जपानी, जर्मन, फ्रेंच पद्धतीचे कारखाने चालतात. त्यात काम करणारे लोक तमिळनाडूच्या गावांतले, तसेच बिहार, ओडिशा, आसामचे आणि आपल्याकडचेही. चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलात तर एका वाक्यात चार देशांचे शब्द ऐकू येतील.

वहीत काय लिहायचं

तर पहिली गोष्ट: खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाइल आत नेऊ देतीलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी गेटवरच ठेवून घेतात. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात शब्द. दुसऱ्यात तो कुणाच्या तोंडून ऐकला: मेंटेनन्स, स्टोअर, क्वालिटी, परचेस, की कॅन्टीन. तिसऱ्यात तो ऐकल्यावर मी काय करायचं.

बहुतेक नवखी पोरं तिसऱ्या रकान्यात शब्दाचं लांबलचक इंग्रजी रूप लिहितात आणि अर्थ कळला म्हणून खूश होतात. त्याचा फारसा उपयोग नाही. उदाहरणार्थ ‘अंदोन’. जपानीत अंदोन म्हणजे कागदी कंदील. लाइनवर अंदोन म्हणजे डोक्यावर टांगलेला दिव्यांचा फलक. कुणी दोरी ओढली किंवा बटण दाबलं की तिथे त्या स्टेशनचा आकडा पेटतो. एवढं लिहून तुम्हाला अंदोन कळला का? नाही. दोरी मी ओढायची की टीम लीडरनं? ओढल्यावर लाइन लगेच थांबते की पुढच्या खुणेपर्यंत चालते? पिवळा दिवा लागला तर मी हातातलं काम सोडायचं का? हे सगळं तिसऱ्या रकान्यात हवं. प्रत्येक कारखान्यात त्याची उत्तरं वेगळी असतात, म्हणून चाकणला मिळालेलं उत्तर ओरगडमला चालेलच असं धरू नका.

दुसरं, वही अकारविल्हे लावू नका, खात्यांप्रमाणे लावा. ही युक्ती माझी नाही, ती निदान साडेतीनशे वर्षं जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. तो रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावावर आहे. त्यात सुमारे चौदाशे शब्द आहेत, आणि ते दहा वर्गांत विभागलेले आहेत: किल्ल्यांचे शब्द दुर्गवर्गात, लिहिण्या-नोंदण्याचे लेखनवर्गात, बाजाराचे पण्यवर्गात. म्हणजे किल्लेदाराला स्वतःच्या कामाचे शब्द एका ठिकाणी सापडावेत, अशी ती मांडणी. हे हणमंते १६७७ च्या कर्नाटक मोहिमेत महाराजांबरोबर होते आणि पुढे जिंजीच्या बाजूचा कारभार त्यांनी पाहिला. जिंजी ओरगडमहून नैर्ऋत्येला आहे. एखाद्या रविवारी जाऊन येता येतं. परभाषेच्या मुलखात कारभार करायला आलेला आपल्याकडचा पहिला माणूस काही तुम्ही नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तरी धीर येतो.

परदेशी शब्द आणि उलटे आकडे

कारखान्यातले जपानी शब्द भारदस्त वाटतात, पण मुळात ते साधे घरगुती शब्द आहेत. कानबान म्हणजे पाटी. गेंबा म्हणजे जागा, जिथे काम प्रत्यक्ष चालतं ती. काइझेन म्हणजे सुधारणा. त्यांचा दबदबा वाटून घ्यायचं कारण नाही. पोका-योकेची कथा तर प्रत्येकानं ऐकावी अशी आहे. चूक होऊच शकणार नाही अशी रचना करण्याच्या या पद्धतीला शिगेओ शिंगो आधी ‘बाका-योके’ म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खालाही चुकता येणार नाही अशी रचना, हा त्याचा भाव. १९६० च्या दशकात एका कारखान्यात हा शब्द ऐकून एक कामगार बाई दुखावली, मी इतकी मूर्ख आहे का म्हणून रडली. तेव्हा शिंगोंनी शब्द बदलला. पोका म्हणजे नकळत झालेली चूक. यंत्रातला एक खिळाही न हलवता, एका शब्दानं दोष माणसावरून उचलून कामाच्या रचनेवर ठेवला. आपल्याकडे आजही ‘फूलप्रूफ’ म्हणतात आणि कुणाला काही वाटत नाही.

‘टॅक्ट टाइम’ हा शब्द जपानी वाटतो, पण तो जपानमार्गे आलेला जर्मन आहे. टाक्ट म्हणजे संगीतातला ठेका. निव्वळ साडेसात तासांच्या पाळीत ४५० गाड्या हव्या असतील तर दर ६० सेकंदांना एक गाडी बाहेर पडली पाहिजे. हे ६० सेकंद म्हणजे टॅक्ट. आता घोळ बघा. तुमच्या स्टेशनवर काम करायला लागणारा वेळ म्हणजे सायकल टाइम. टॅक्ट गिऱ्हाईक ठरवतं, सायकल तुमचे हात आणि तुमचं मशीन ठरवतं. नवा पोरगा ‘टॅक्ट कमी करतो सर’ असं मीटिंगमध्ये म्हणतो तेव्हा जुने लोक गालात हसतात, कारण त्याच्या हातात ते नसतंच. मी हे वाक्य स्वतः म्हटलं आहे.

यापेक्षा घातक असतात ते उलटे आकडे. एफएमईए नावाचा तक्ता तुमच्यासमोर येईलच. काय बिघडू शकतं, किती गंभीर, किती वेळा आणि ते सापडेल का, याला १ ते १० गुण द्यायचे. त्यात डिटेक्शनचा रकाना असतो. शाळेच्या सवयीनं दहापैकी दहा म्हणजे झकास असं वाटतं. इथे डिटेक्शन १० म्हणजे दोष जवळजवळ सापडणारच नाही. तपासणी उत्तम आहे म्हणून अभिमानानं १० भरणारा एक तरी उमेदवार दर वर्षी निघतो. अशीच वायरच्या गेजची गोष्ट: आकडा मोठा तितकी वायर बारीक. पॉलिश पेपरचा आकडा मोठा तितका तो मऊ. वहीत अशा शब्दांसमोर उलटा बाण काढून ठेवा.

आणि एनसीचं पुन्हा एकदा. इलेक्ट्रिशियनचा कॉन्टॅक्ट ‘नॉर्मली क्लोज्ड’ असेल तर एरवी त्यातून करंट वाहत असतो. हवेच्या किंवा ऑइलच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह ‘नॉर्मली क्लोज्ड’ असेल तर एरवी त्यातून काहीच वाहत नाही. दोघेही क्लोज्ड म्हणतात; एकाचं चालू असतं, दुसऱ्याचं बंद. त्यात आपण मराठीत क्लोज्डचं भाषांतर ‘बंद’ असं मनातल्या मनात करतो. मेंटेनन्सला लागणाऱ्यांनी हा एक शब्द पहिल्याच दिवशी पक्का करावा. यात चूक झाली तर बोटावर बेतू शकतं.

एसओपीचंही तसंच. क्वालिटीच्या माणसाला ते काम कसं करायचं याचं लेखी पान वाटतं. प्रोजेक्टवाल्याला नव्या मॉडेलचं उत्पादन सुरू होण्याचा दिवस. ‘एसओपी पुढे ढकललाय’ हे वाक्य ऐकून मी एकदा नवीन पान छापायचं थांबवलं होतं. ढकलली होती अख्खी गाडी.

आमच्या लाइनवर त्या फळ्याच्या प्रकरणानंतर एक नियम आला, तो मी पुढे सगळीकडे नेला: पाळी बदलताना फळ्यावर जे लिहायचं त्यात क्रियापद हवंच. ‘लाइन ३: जुने पार्ट उचला.’ अक्षरं चार जास्त लागतात. क्रियापद लिहायला बसलं की लिहिणाऱ्यालाच कळतं, आपल्याला नक्की काय हवंय ते.

तमिळ: ओळखीचे चेहरे, अनोळखी स्वभाव

विजेच्या डबीवर, ट्रान्सफॉर्मरवर कवटीच्या चित्राखाली तमिळमध्ये एक शब्द असतो. विचारलंत तर सांगतील, ‘अबायम’. मराठी कानाला ते ‘अभय’ ऐकू येतं, म्हणजे भिऊ नका, खुशाल हात लावा! शब्द आहे आपलाच ‘अपाय’. तमिळ लिपीत प आणि ब यांना एकच अक्षर आहे, आणि दोन स्वरांमध्ये आलेल्या त्या अक्षराचा उच्चार ब कडे झुकतो. त्यांच्याकडे अभयही आहे, तो ऱ्हस्व ‘अबयम’. एका काण्याचा फरक, आणि अर्थ थेट उलट. पहिल्या पानावर ‘अबायम’ लिहा.

संस्कृतातून दोन्हीकडे गेलेले शब्द जास्त फसवतात, कारण ते ओळखीचे चेहरे घेऊन येतात. ‘अवसरम’ म्हणजे घाई. आपला अवसर म्हणजे संधी किंवा प्रसंग. ‘विवसायम’ म्हणजे शेती, व्यवसाय नव्हे. एखाद्या हेल्परनं वडील विवसायम करतात असं सांगितलं तर ‘कसला बिझनेस?’ असं विचारू नका. ‘प्रसंगम’ म्हणजे भाषण. ‘कल्याणम’ म्हणजे लग्न, आणि त्यासाठी त्याला चार दिवस रजा हवी आहे.

कामाच्या जागी लागणारे तमिळ शब्द थोडेच आहेत, पण ते डोक्यात न राहता कानात बसायला हवेत. निल्लु: थांब. निरुत्तु: थांबव, मशीन बंद कर. तळ्ळु: ढकल, किंवा बाजूला हो. इळु: ओढ. कीळे: खाली. मेले: वर. क्रेनखाली उभं असताना कुणी ‘मेले, मेले’ ओरडलं तर मराठी माणसाच्या काळजाचा ठोका चुकतो. ते फक्त वर बघ म्हणत असतात. अर्थात वर बघण्यासारखं काही असेल तर आधी बाजूला व्हा. ‘पात्तु’ म्हणजे जपून, बघून. ‘पत्तु’ म्हणजे दहा. ओझं उचलताना पात्तु म्हणणारा माणूस तुम्हाला दहा नग मागत नाहीये.

एक उलटा किस्सा. लाइट गेली की आपण मराठीत ‘लाइट गेली’च म्हणतो, मग ती मोटरची असली तरी. मी तमिळ इलेक्ट्रिशियनला इंग्रजीत सांगितलं, ‘लाइट गॉन’. तो दहा मिनिटांनी नवी ट्यूब घेऊन आला. तिकडे ‘करंट पोच्चु’ म्हणतात, करंट गेला. आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण ती आपल्या मराठीत चुकीची नसते.

हेही सांगतो, म्हणजे फक्त धोकेच दिसायला नकोत. आट्यांना तिकडे ‘मरै’ म्हणतात. कुणी विक्षिप्त वागला की ‘मरै कळंडुपोच्चु’, आटे निसटले. आपल्याकडे स्क्रू ढिला होतो, त्यांच्याकडे आटे निसटतात, थट्टा तीच. आणि खंडेनवमीला, म्हणजे त्यांच्या आयुध पूजेला, ओरगडमच्या मशिनींना हार-कुंकू लागतं तेव्हा भोसरीतलाच दिवस वाटतो. त्या दिवशी कुणी शब्द विचारत नाही.

माप, आकडा आणि परत म्हणणं

जुने मिस्त्री, सुतार, फॅब्रिकेशनवाले आपल्याकडे अजून ‘दोन सूत मार’ म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. तमिळनाडूत तेच माप ‘नूल’. नूल म्हणजेही सूत, धागा. ‘नालु नूल कंबी’ म्हणजे चार सुताची, अर्ध्या इंचाची सळी. बाजारात आता तिला १२ मिलिमीटरची म्हणतात. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच धाग्यानं मोजतात, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. शेडच्या कामावर एका म्हाताऱ्या वेल्डरशी माझी मैत्री याच शब्दावर जमली.

पण एक लक्षात घ्या. त्या वेल्डरच्या कामात सूत चालतं. मशीन शॉपमध्ये मायक्रॉन चालतो, आणि एका सुतात ३,१७५ मायक्रॉन असतात. ‘जरासं घास’, ‘थोडं उतरव’, ‘हलका कट’ हे शब्द आपण सगळेच वापरतो. त्यांना आकडा जोडा, आणि आकड्याला एकक. ‘वीस’ हे माप नाही. वीस मायक्रॉन हे माप आहे.

हे काटेकोरपणाचं वेड वाटत असेल तर विमानवाल्यांकडे बघा. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफे बेटावरच्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. दाट धुकं होतं, कारणं अनेक होती. त्यातलं एक असं की त्यातल्या एका, केएलएम कंपनीच्या विमानाच्या वैमानिकांनी ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचं वाक्य उच्चारलं, आणि नियंत्रकाला ते विमान परवानगीची वाट बघत उभं आहे असं वाटलं. तो ‘ओके’ म्हणाला. त्यानंतर नियम झाला: ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी दुसरा शब्द वापरायचा. आणि परवानगी मिळाली की वैमानिकानं ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, नुसतं ‘ओके’ चालत नाही.

हे परत म्हणणं तुम्ही कारखान्यात उद्यापासून करू शकता, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ‘समजलं का?’ असं साहेबानं विचारलं की नव्वद टक्के वेळा आपण ‘हो सर’ म्हणतो. त्या ‘हो’चा अर्थ ‘मला पुन्हा विचारायला लाज वाटते’ एवढाच असतो. त्याऐवजी म्हणा, ‘सर, परत सांगतो, बरोबर आहे का बघा: दोन नंबरच्या फिक्स्चरचे सगळे पार्ट बाजूला, प्रत्येकाचं भोक गेजनं तपासायचं, न बसलेले लाल पेटीत.’ यात तुमचं अज्ञान उघडं पडत नाही. आणि साहेबाच्या सूचनेत काही राहिलं असेल तर ते त्याचं त्यालाच कळतं. माझा अनुभव असा की दर तीन-चार वेळांत एकदा तो म्हणतो, ‘अरे हो, एक नंबरचेही घे.’

आपल्या खात्याबाहेर

आतापर्यंत दुसऱ्यांचे शब्द समजून घेण्याबद्दल बोललो. वर्षभरानं वेगळाच रोग लागतो: आपले शब्द सगळीकडे न्यायचे. लेखा विभागाला पाठवलेल्या मेलमध्ये तुम्ही ‘व्हेरिअन्स जास्त आहे’ लिहिता. तुमच्या मनात भोकाच्या मापातला चढउतार असतो. लेखापाल अंदाजपत्रक आणि खर्च यांतला फरक शोधत बसतो. ‘क्रिटिकल’ म्हणजे प्रोजेक्टवाल्याला वेळापत्रकातलं असं काम, ज्याला एक दिवस उशीर झाला की सगळंच एक दिवस मागे जातं. डिझाइनवाल्याला ड्रॉइंगवरची जपायची खूण. दवाखान्यात त्याचा अर्थ वेगळाच. खात्याबाहेर लिहिताना तांत्रिक शब्द काढून टाका असं मी म्हणणार नाही, कारण तो काढला की नेमकेपणाही जातो. शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे त्याच वाक्यात तो उलगडा. ‘या भोकाचं माप पार्टागणिक बदलतंय, म्हणून शंभरातले सहा पार्ट टाकावे लागताहेत, त्याचा खर्च इतका.’ लेखापालाला खर्च हवा आहे, तो वाक्याच्या शेवटी सापडू दे.

काही लोक मुद्दाम उलगडत नाहीत. आद्याक्षरांची भिंत बांधून तिच्यामागे बसणारा एक तरी साहेब प्रत्येक कारखान्यात असतो. त्याला घाबरू नका. ‘सर, हे आमच्या लाइनवर कसं करायचं?’ असं एकदा नम्रपणे विचारा. ज्याला विषय येतो तो दोन मिनिटांत साध्या शब्दांत सांगतो. ज्याला येत नाही तो आणखी तीन आद्याक्षरं फेकतो. माणूस ओळखण्याची याहून स्वस्त परीक्षा मला माहीत नाही.

डॉक्टरांकडे जाताना विशेष जपा. ईएसआयच्या दवाखान्यात किंवा कारखान्याच्या वैद्यकीय खोलीत मराठी पोरगा सांगतो, ‘पित्त झालंय’, आणि इंग्रजीत त्याचं ‘बाइल प्रॉब्लेम’ करतो. डॉक्टर पित्ताशयाकडे वळतात. आपण ‘पित्त’ छातीतल्या जळजळीला म्हणतो, रिकाम्या पोटी डोकं दुखलं तरी म्हणतो, आणि अंगावर गांधी उठल्या तरी म्हणतो. तमिळमध्येही ‘पित्तम’ आहे, तो बहुधा गरगरण्या-मळमळण्याशी जोडलेला. म्हणून रोगाचं नाव सांगूच नका. कुठे दुखतं, केव्हापासून, जेवणाआधी की नंतर, एवढं सांगा. नाव ठेवणं त्यांचं काम. आणि रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला तर घरी फोन करून आनंदाची बातमी देऊ नका. कोविडनं हे आपल्याला शिकवलंय खरं, पण गावी आजीला अजून समजावून सांगावं लागतं.

मराठी प्रतिशब्दांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. आपल्याकडे १९६० पासून भाषा संचालनालय आहे, त्यांचे अभियांत्रिकीपासून अनेक विषयांचे परिभाषाकोश आहेत. तमिळांनी तर या बाबतीत बरीच मजल मारली आहे. बसला पेरुंदु, संगणकाला कणिनी, मोटारीला मगिळुंदु. बसस्थानकाच्या पाटीवर पेरुंदुच दिसेल. पण त्याच पाटीखाली उभा असलेला माणूस ‘बस एप्पो वरुम?’, बस कधी येणार, असंच विचारतो. पाटीवर एक शब्द आणि तोंडात दुसरा, यात मला काही वावगं वाटत नाही. लाइनवर जो शब्द सगळ्यांना एकदम कळतो तो वापरा, मग तो जपानी असो की कानडी. मात्र तुमच्या हाताखाली मराठी हेल्पर आला तर त्याला ‘डायमेन्शनल डेव्हिएशन’ ऐकवू नका. ‘माप हललंय’ म्हणा. चांगला शब्द आहे, आणि भोसरीच्या कुठल्याही शेडमध्ये कळतो.

वहीचं पुढे काय करायचं? सहा महिन्यांनी ती भरेल, आणि त्यातलं निम्मं तुम्हाला ओळखीचं झालेलं असेल. तेव्हा ती नव्यानं आलेल्या पोराला द्या. माझी वही एका लातूरच्या मुलाकडे गेली, त्याच्याकडून एका ओडिया मुलाकडे. त्यानं तिसऱ्या रकान्यात ओडियातही लिहिलं होतं. नंतर ती कुठे गेली माहीत नाही.

आणि निघताना एक व्यावहारिक सूचना, जी मला कुणी दिली नव्हती. ओरगडम नावाची निदान दोन ठिकाणं आहेत. एक चेन्नईतच, अंबत्तूरला. तिथेही जुनी औद्योगिक वसाहत असल्यानं रिक्षावाला शंका न घेता तिकडेच नेतो. तुमच्या पत्रात कांचीपुरम जिल्हा लिहिला असेल तर चेन्नई सेंट्रलला उतरा, समोरच्या पार्क स्टेशनवरून चेंगलपट्टूची लोकल पकडा आणि सिंगपेरुमाळ कोइलला उतरा. तिथून ओरगडमला बस मिळते.